पेपरची भिशी

सुकन्या निटुरेला राग येतच नाही, असं तिच्या सासरी सगळे म्हणत. साफ खोटं. राग तिला रोज यायचा. लातूरहून अहमदपूरकडे जाणाऱ्या एसटीत बसली की ती तो खिडकीबाहेर सोडून द्यायची, एवढंच. नऊ वर्षं सोडला. मग एकदा तो खिडकीबाहेर जाईना, त्याची ही गोष्ट.

अहमदपूरच्या अलीकडे एका गावात तिचं कॉलेज. इमारतीपेक्षा पाटी मोठी. तिथं ती प्राणिशास्त्र शिकवायची, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास तेवढा पगार, आणि दर जूनला प्राचार्यांची मर्जी असेल तर पुन्हा नेमणूक. मर्जी नसेल तर बसा घरी डाळ निवडत. डाळीला तोटा नव्हताच, सासऱ्यांची डाळमिल होती.

त्या मिलच्या गोदामात, पत्र्याखालच्या तुळईवर गव्हाणी घुबडांची जोडी राहायची. शेजारपाजारचे व्यापारी म्हणत, घुबड बसलं की धंदा बसतो. सासरे गुरुलिंगप्पा यांनी तर हुसकायला माणूसही बोलावला होता. नवी सून पदर खोचून मध्ये उभी राहिली.

"अप्पा, घुबडं उंदीर खातात. तुमची तूर कोण खातंय, ते तरी बघा."

गुरुलिंगप्पा जातीचे व्यापारी. वर तुळईकडे बघत म्हणाले, "ऱ्हाऊ दे मग. फुकटचा राखणदार हाय."

तेव्हापासून सुकन्याचा रविवार गोदामात जाऊ लागला. घुबड उंदीर सबंध गिळतं आणि न पचलेली हाडं-केस गोळा करून ओकून टाकतं. ते वाळलेले गोळे ती वेचायची, कोमट पाण्यात भिजवायची आणि चिमट्यानं एकेक जबडा वेगळा करायची. सासूबाई रत्नम्मांनी त्यासाठी एक जुनं पातेलं दिलं, ते स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही या अटीवर. पुढं शेजारच्या मिलवाल्यांनीही दारं उघडली. घुबडांमुळं धान्याची नासाडी किती थांबते, याचा तिनं चार वर्षांत पुरावा उभा केला. लेख लिहून परदेशातल्या एका चांगल्या नियतकालिकाला पाठवला. तो छापून आला, तर कायमच्या जागेच्या कुठल्याही मुलाखतीत ती ताठ मानेनं बसू शकणार होती. ती आयुष्यात एवढ्या एका गोष्टीची वाट बघत होती.

आणि कॉलेजात काय चाललं होतं? भिशी! बायका पैशांची लावतात तशी या विद्वानांनी पेपरची भिशी लावली होती. कॉलेजला दर्जा देणारी नॅकची समिती येणार, प्रत्येकाच्या नावावर संशोधन हवं. दर महिन्याला स्टाफरूममध्ये वाणिज्यचे बालाजी सर स्टीलच्या तांब्यातून चिठ्ठी काढत. ज्याची चिठ्ठी, त्या महिन्याचा पेपर कॉलेजच्या ग्रंथात त्याच्या नावानं, मागं बाकीच्यांची नावं. लिहायचं कोणी? जो सापडेल त्यानं. मराठीच्या सिंधुताई अशा तऱ्हेनं जमिनीच्या क्षारांवर लेखिका झाल्या होत्या. त्यांना विचारलं तर पदर तोंडाला लावून हसायच्या. सुकन्या मात्र भिशीत नव्हती. "माझं मी लिहीन," असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मग परदेशातून संपादकांचं पत्र आलं. लेख आवडला होता, पण तो आधीच एका ग्रंथात दुसऱ्याच्या नावानं छापलेला सापडला होता. काम तुमचंच असेल तर कॉलेजचं तसं पत्र पंधरा दिवसांत पाठवा, नाहीतर लेख रद्द.

तिनं कॉलेजचा नवा ग्रंथ उघडला. घुबडं तिची, गोदाम तिचं, वाक्यं तिची. वर नाव प्राचार्य भुजंगराव यांचं, खाली बारा जणांची रांग. चौकशी केली तेव्हा कळलं, त्या महिन्याची चिठ्ठी साहेबांची निघाली होती आणि लिहिलेलं कोणाकडंच काही नव्हतं. सुकन्यानं लेखाची प्रत ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून काढली होती. बालाजी सरांनी लेख तिथून उचलला. आपल्याच घरात आपणच चोर! तिच्या कानशिलांतून जाळ निघाला.

ती तडक केबिनमध्ये गेली. भुजंगराव चहात बिस्कीट बुडवत होते.

"मॅडम, एवढं काय मनावर घेता? घुबडंच हायेत. कोणी चोरून नेली का?"

"सर, काम माझं आहे एवढं पत्र द्या."

"पत्र दिलं तर मीच चोर ठरतो की! बरं, पुढची चिठ्ठी तुमची काढायला लावतो. आन् हे बघा, जून काय लई लांब न्हाई." बिस्कीट चहात पडलं, ते त्यांनी बोटानं काढून खाल्लं. "परवा समितीच्या कार्यक्रमात आभार तुम्हीच माना. तुमचा आवाज खणखणीत हाय."

आभार नेहमी तिच्याच गळ्यात पडत. सूत्रसंचालन कायम नोकरीवाल्यांना, आभार तासिकावाल्यांना. तेव्हा लोक उठून जेवणाकडं बघत असतात. "मानते," ती म्हणाली आणि बाहेर आली.

कार्यक्रमाला मांडव, समितीचे पाहुणे, शाली, व्हिडिओवाला, सगळं होतं. घुबडांच्या संशोधनाबद्दल पाहुण्यांनी भुजंगरावांना सत्काराचा नारळ दिला. साहेब लाजले. शेवटी सुकन्या माईकसमोर आली.

"आभार मानताना ज्यानं जे केलं ते बोलून दाखवायची आपली रीत आहे," ती म्हणाली. "मी प्रथम प्राचार्य साहेबांचे आभार मानते. त्यांनी माझं चार वर्षांचं काम एका चिठ्ठीवर स्वतःच्या नावानं छापलं. बालाजी सरांचे आभार, त्यांनी ते ऑफिसातून उचलून दिलं. सिंधुताईंचे आणि अजून अकरा जणांचे आभार. त्यांनी घुबड पाहिलेलं नाही, तरी आपली नावं दिली. आमच्या मिलमधल्या त्या दोन घुबडांचे आभार. या कामात माझ्याशिवाय कोणी राबलं असेल तर तीच. यातलं एक अक्षर खोटं असेल तर साहेबांनी इथंच सांगावं. माईक इथं आहे."

पाहुणे भुजंगरावांकडं बघत राहिले. भुजंगराव मांडीवरच्या नारळाकडं. सुकन्यानं माईक त्यांच्याकडं वळवून धरला, चांगला वेळ धरला. त्यांनी हात पुढं केला नाही.

"मग आता राष्ट्रगीत," ती म्हणाली, आणि सगळ्यांना उभं राहावं लागलं.

त्या दिवशी संध्याकाळी व्हिडिओवाल्याकडून तिनं तेवढा तुकडा घेतला, बोलण्याचं भाषांतर जोडलं आणि संपादकांना पाठवून दिला. लिहिलं, की कॉलेज पत्र देत नाही, पण प्राचार्य सर्वांसमोर नाही म्हणू शकले नाहीत, ते बघा.

जूनमध्ये कॉलेजचं वेळापत्रक लागलं. त्यात तिचं नाव नव्हतं. अमरनाथ, तिचा नवरा, हळहळला. रत्नम्मांनी कपाळाला हात लावला. गुरुलिंगप्पांनी तिच्या हातातलं परदेशातून आलेलं पाकीट तेवढं बघितलं.

"लेखाला लागलं का नाव, सुकन्या?"

"लागलं, अप्पा."

"संगं कोणाकोणाचं हाय?"

"कोणाचंच नाही," ती म्हणाली, आणि पातेलं घेऊन गोदामाकडं निघाली.