शांतीच्या पानातली मासळी

शांतीची आणि माझी ओळख भांडणातून झाली. लग्न होऊन मी नरपडला आले आणि गावातल्या शाळेत शिकवायला लागले, त्याच वर्षी एका सकाळी तिनं आमच्या चिकूच्या वाडीच्या फाटकाशी पाटी उतरवली. मी पापलेटाचा कल्ला उघडून बघितला तर म्हणाली, "बाई, शाळेतल्या पोरांचे कान बघा, माझ्या मासळीचे नको." मी तिला उद्धट म्हटलं, तिनं मला चिकट म्हटलं, आणि पुढची तीस वर्षं आमच्या घरी मासळी आली ती तिच्याच घरची. मध्ये तीन आठवडे आली नाही. मी सांगतेय ते त्या तीन आठवड्यांमुळे, आणि त्यात मी काही फार शोभले नाही हे आधीच सांगून टाकते.

बाई बुटकी, काटक. दातांना मशेरी, कमरेला बटवा, आणि आवाज असा की कोळीवाड्यात बोलली तर आमच्या विहिरीवर ऐकू यावं. उंबरगावकडून येणाऱ्या गिऱ्हाइकांशी ती गुजरातीत गोड गोड बोलायची आणि त्यांची पाठ वळली की मराठीत त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. नवरा काळू दारूनं लवकर गेला. त्याच्यामागे एका पाटीवर तिनं मुलाला, नविनला, वाढवलं, त्याला बोटीत भागी घेऊन दिली आणि तलासरी तालुक्यातल्या झाईची बकुळा सून म्हणून आणली.

या सासवासुना एका ताटात जेवायच्या. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. दुपारी बाजार उठला की ओटीवर ताट मधे घेऊन दोघी समोरासमोर बसायच्या, कालवणात भाकरी चुरायच्या, आणि काट्याजवळचा मऊ तुकडा शांती सुनेकडे सरकवायची. आम्ही बायका चेष्टा करायचो, की या दोघींचं एकमेकींशीच लग्न लागलंय, नविन आपला वऱ्हाडी. नविन पण हसायचा. मला वाटतं, त्या घराइतकं हसणारं घर गावात दुसरं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी ऑक्टोबरात खाडीच्या तोंडाशी बोट उलटली. तिघं होते. दोघं पोहून आले, नविन आला नाही. आठ दिवस गावातल्या सगळ्या बोटी शोधत होत्या, पार वर गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आल्या. काही मिळालं नाही. तेव्हा त्याची मुलगी भाविका आठ वर्षांची, माझ्याच वर्गात होती. नवव्या दिवशी ती शाळेत आली, फळ्यावरची तारीख वहीत उतरवली आणि दिवसभर पुढे एक अक्षर लिहिलं नाही. मीही तिला लिही म्हटलं नाही.

मग कुठूनसं उठलं, की एका घोळ माशाच्या पोटात अंगठी सापडली. कुणाला सापडली, कुठं सापडली, कुणाला ठाऊक नाही. पण डहाणूपासून गंजाडपर्यंत घराघरात पोचलं. नविनच्या बोटात अंगठी कधी नव्हतीच. ते सगळ्यांना माहीत होतं, तरी लोकांनी मासळी घ्यायचं सोडलं. तोंडानं कुणी काही म्हणत नव्हतं. कुणाला पित्त झालं होतं, कुणी एकाएकी गुरुवार धरले होते. आमच्या घरात मीच पहिली म्हणाले, काही दिवस नको. पोरांना शिकवायचे की अफवांवर विश्वास ठेवू नये, आणि घरी येऊन वरण-भात लावायचे. आधीच एक माणूस गेलेलं, वर सबंध कोळीवाड्याच्या चुली थंड झाल्या. विकायचे ओले बोंबील बायका नाइलाजानं सुकवायला टाकत होत्या, आणि बंदरावर जाणारा जो तो शांतीच्या घराकडे बघत जात होता.

तिसऱ्या आठवड्यातल्या रविवारी, ऐन बाजाराच्या वेळी, शांती घराबाहेर पडली. डोक्यावर पाटी नव्हती, हातात झाकलेला टोप होता. मासळी बाजाराच्या मधोमध जमिनीवर बसली, टोप उघडला. बोंबलाचं कालवण होतं, पदरात दोन भाकऱ्या होत्या. तिनं जेवायला सुरुवात केली. सावकाश, काटा चोखून बाजूला ठेवत, सगळ्यांच्या देखत. मी वाणसामान घेऊन तिथून चालले होते, माझे पाय थांबले.

अर्धी भाकरी झाल्यावर तिनं मान वर केली. "माझं पोर गेलंय," ती म्हणाली. "मी खाते. तुमाला काय झालंय?"

तिनं टोप पुसून खाल्ला, हात धुतले आणि घरी गेली. त्यानंतर त्या बाजारात मासळीचा पहिला वाटा मी घेतला. शूर म्हणून नाही, लाजेनं. माझ्यामागे दुसरीनं घेतला, तिसरीनं घेतला. आठ दिवसांत बाजार पहिल्यासारखा भरला.

पण घर मोडलं. बकुळाला शेजारणीनं जाऊन सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "स्वतःच्या पोराला खाल्लं तिनं. मी तिच्या शेजारी बसणार नाय." आणि बसली नाही. अकरा वर्षं. समुद्राचं काही तोंडात घालायचं तिनं नविन गेला त्याच दिवशी सोडलं होतं. त्या रविवारपासून ती सासूच्या पंगतीला बसायचीही बंद झाली आणि 'आय' म्हणायचीही. काही सांगायचं झालं तर लेकीला म्हणायची, "तुझ्या आजीला विचार, पाणी तापवू काय."

बाकी सगळं करत होती. सासूची पाटी तिनं डोक्यावर घेतली, माझ्या फाटकाशी ती यायला लागली. घरी मासळी रांधायची, शांतीचं पान ओटीवर वाढायची आणि स्वतः मागच्या दारी भाजी-भाकरी घेऊन बसायची. मीठ बघायला भाविकाला हाक मारायची. ती चिमुरडी तळहातावर थेंब घेऊन चाटायची आणि मागच्या दारी आईला, पुढच्या दारी आजीला सांभाळत दोन दारांच्या मधे जेवायची.

शांती रोज खायची. रस्त्याकडे तोंड करून ओटीवर बसायची, येणारा-जाणारा बघायचा. मला तिचं नवल वाटायचं. खरं सांगायचं तर थोडी किळसही यायची. मी एकदा घरी म्हणालेसुद्धा, "बाईचं पोट दगडाचं आहे." तोच शब्द मग गावात फिरला. मीच फिरवला असणार.

एकदा मीच तिला विचारलं, "बास झालं की आता, बाजार चालतोय. सुनेसाठी सोडून दे ना मासळी."

ती मशेरी घासत होती. थुंकून म्हणाली, "बाई, एकदा खाल्लं, आता सोडता येतं काय? सोडलं तर म्हणतील, बघा, म्हातारीला पण अंगठीचं पटलं." मग, आवाज नेहमीपेक्षा बराच खाली आणून, "ती एकदा माझ्या शेजारी बसून जेवली ना, मंग माझी कटकट नाय. एकदाच."

मी दुसऱ्या दिवशी बकुळाला फाटकाशी धरलं. म्हटलं, अगं, म्हातारीचं वय बघ, एकदा बस तिच्याजवळ, तुझा भात तू खा. बकुळानं पाटी डोक्यावरून खालीसुद्धा ठेवली नाही. म्हणाली, "बाई, तुमी मला बोंबील किती द्यायचे ते सांगा." ती चांगली पोर होती, अजून आहे, पण त्या एका जागी ती हलत नव्हती. मी चिडले. दोघींनाही वेड्या म्हटलं आणि मधे पडायचं सोडून दिलं.

गेल्या जानेवारीत शांती अंथरुणाला खिळली. भाविका तेव्हा वलसाडला नर्सिंगला होती. डहाणूच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या, जे मागेल ते खायला घाला. पण तिनं काही मागितलं नाही. मी भेटायला गेले तेव्हा बकुळा तिला चमच्यानं पेज भरवत होती. दर दोन चमच्यांनी म्हातारी विचारायची, "तू जेवली?" बकुळा म्हणायची, "मागनं जेवीन." कितव्यांदा तरी विचारून झाल्यावर शांतीनं तोंड मिटलं आणि चमचा हातानं बाजूला केला. चौथ्या दिवशी दुपारी, बकुळा बाजारात असताना, ती गेली.

तेराव्याला तिच्या आवडीचं पान वाढून बाहेर ठेवायचं होतं. मी घरून बोंबील तळून नेले होते. म्हातारीला काय आवडायचं हे साऱ्या गावाला ठाऊक, विचारायचं काय त्यात. पान मांडलं, भात वाढला, वरण वाढलं, आणि मी डबा उघडला, तेवढ्यात भाविका आली नि तिनं डब्यावर हात ठेवला.

"बाई, मासळी नका ठेवू. आजीला मासळी बघवत नव्हती."

एक शेजारीण हसली. तिला वाटलं, पोर रडून रडून काहीतरी बोलतेय. भाविका हसली नाही. एकोणीस वर्षांची मुलगी, रोग्याच्या नातेवाइकांशी बोलायला शिकवतात तशी, नीट एकेक शब्द सांगत गेली. "बाबा गेल्यापासून एक घास तिच्या पोटात ठरला नाय. ओटीवर जेवायची, लोक बघायचे, मंग आईला दिसणार नाय अशी कुंपणापलीकडं शेवग्याखाली जाऊन ओकायची. मी घरी असले की तांब्या घेऊन उभी राहायची. बाजारात खाल्लं त्या दिवशी पण. रोज."

रोज म्हणजे अकरा वर्षं. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर मीच फिरवलेला तो शब्द आला. दगडाचं पोट. मी डबा झाकून मागे सारला.

बकुळा भाताचं पातेलं धरून उभी होती. तिनं ते खाली ठेवलं. "मला का नाय सांगितलं?"

"आजीनं शपथ घातलेली."

"शपथ कसली घालते? सून होते मी तिची." बकुळाचा आवाज फाटला. "मला कळलं असतं तर बसले असते ना मी तिच्याजवळ. रोज बसले असते."

"ते तिला माहीत होतं," भाविका म्हणाली. आता ती रडायला लागली होती. "ती म्हणायची, तुझ्या आयशीला कळलं तर ती मला उठवील आणि माझ्या जागेवर स्वतः खायला बसेल. घरातल्या कुणाला तरी लोकांसमोर खायलाच लागणार. तिला नको. मी नविनला नऊ महिने पोटात ठेवलाय, म्हणायची, मला चालेल. तिला नाय जमायचं."

बाहेरचं पान ठेवून होईपर्यंत घरच्यांनी जेवायचं नसतं, पण बकुळानं एक पान घेतलं, शांतीच्या पानाशेजारी मांडलं, त्यात भात वाढून घेतला आणि मांडी घालून बसली. पहिला घास तोंडात घेतला. "आय," ती त्या भरल्या पानाला म्हणाली, "मी जेवते गं." आम्ही सगळ्या उभ्याच होतो, आणि तिला थांबवायला कुणी पुढे झालं नाही.