पन्हळीचं माप

मृग पंधरा दिवसांवर आला होता आणि वळवाच्या वाऱ्यानं आमची निम्मी पन्हळ उचलून शेजाऱ्यांच्या अंगणात नेऊन टाकली. कोल्हापूर, मंगळवार पेठ... सत्तरच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन मला तिसरं वर्ष होतं.

उरलेली निम्मी पन्हळ तरी कुठं धड होती म्हणा! गंजून तिची चाळण झालेली. कौलांवरचं सगळं पाणी बाहेरच्या खोलीच्या मातीच्या भिंतीवर यायचं, आणि नेमका त्याच खोलीत माझा शिवणक्लास. दोन मशिनी, सहा मुली.

आदल्या पावसाळ्यात त्या भिंतीला लागून ठेवलेल्या एका नवरीच्या ब्लाऊजला ओलीचा डाग पडला. तिची आई भर गल्लीत मला बोलली. तेव्हाच मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, निकाल दिला होता... पुढच्या पावसात भिंत भिजली तर क्लास बंद. माणूस वाईट नव्हता, पण एकदा बोलला की बोलला.

ह्यांची शिरोलीला फाउंड्रीत पहिली पाळी, त्यामुळं पन्हळीचं काम माझ्याच गळ्यात आलं. मी दस्तगीर मिस्त्रींना गाठलं. डबे, ट्रंका, शेगड्या बनवण्यात त्यांचा हात धरणारं पेठेत कुणी नव्हतं. त्यांचा पाय मुरगळला होता, म्हणून म्हणाले, "वैनी, तुमचं कामच मापाचं. तुमीच माप लिवून आणा की."

झालं, मला मूठभर मांस चढलं. पदर खोचून शिडीवर चढले, शिवणकामाच्या टेपनं सगळी वळचण मोजली. पाचानं भागलं आणि पत्र्याच्या पाच सारख्या तुकड्यांचं माप वहीच्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. वर एक आकृतीसुद्धा काढली... किती शहाणी मी!

चार दिवसांनी मिस्त्री लंगडत आले आणि तुकडे वर बसवायला लागले. पहिला, दुसरा, तिसरा... पाचवा बसला आणि पन्हळ भिंतीच्या कोपऱ्याच्या फूटभर अलीकडंच संपली. मी खालून बघतच राहिले.

"वैनी, येका पत्र्यावर दुसरा चार बोटं चढवाय लागतोय. त्येचं माप कुठं धरलंयसा? चिठ्ठीत लिवलंय तसं म्या कापलं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. रोज सकाळी सहा पोरींना ओरडून सांगणारी मी, "शिलाईला माया सोडा गं, नेमक्या मापावर कात्री चालवू नका!" आणि स्वतः मात्र पत्र्याला एक बोटभर माया सोडली नव्हती. ओट्यावर बसलेले मामंजी एवढंच म्हणाले, "कापडातलं पत्र्यात चालत न्हाई." आणि पान जमवायला लागले.

नवा पत्रा आणावा तर त्या आठवड्यात गावात पत्राच मिळत नव्हता. उरली होती ती कापून राहिलेली कातरणं आणि खाली पाणी नेणारा सरळ पाइप. मिस्त्रींनी डोकं चालवलं... पन्हळ जिथं संपते तिथून पाइप वळचणीखालून तिरका कोपऱ्यापर्यंत न्यायचा आणि तिथं खाली वळवायचा.

पण तिरका पाइप आणि उभा पाइप जुळेनात. मिस्त्रींनी दोघांना जोडणारा तुकडा कातरणातनं अंदाजानं दोनदा कापून बघितला, दोन्ही वेळा मध्ये फट राहिली. कातरण संपत आलं होतं आणि आता एकदाच कापता येईल एवढाच तुकडा शिल्लक होता.

त्या फटीकडं बघताना मला एकदम वाटलं... अरे, ही तर बाही आहे! पाइप म्हणजे बाही, आणि ती तिरकी जोडायची तर कड सरळ कापून कशी चालेल? खांद्याशी बाही जोडतात त्या मुंढ्यासारखा गोल चढ-उतार द्यायला हवा. मी घरात धावले, जुनं वर्तमानपत्र आणलं, पाइपाला गुंडाळून टाचण्या लावल्या आणि कागद कापला. या वेळी दोन बोटं माया सोडून!

मिस्त्रींनी तो कागद उलटसुलट करून बघितला. पत्र्याचं काम करण्यात जन्म गेलेला माणूस, म्हणू शकले असते की बाई, तुमच्या चिठ्ठीनंच हा घोळ झालाय. पण त्यांनी कागद पत्र्यावर ठेवला, खिळ्यानं रेघ ओढली आणि मोठी कात्री चालवली. जोड बसला... सांध्याला कथलाचा डाख देऊन झाल्यावर वरून तीन घागरी पाणी ओतलं, तर भिंतीवर थेंब नाही.

तरीही खरी परीक्षा पावसाचीच. मृगात तो नुसता शिंपडून गेला, पण आर्द्रात असा लागला की आठ दिवस सूर्य दिसला नाही. क्लास चालू होता, पण माझं अर्धं लक्ष भिंतीकडं.

चौथ्या दिवशी मामंजी आत आले. कधी क्लासमध्ये पाऊल न टाकणारा माणूस! दोन्ही मशिनी थांबल्या. त्यांनी भिंतीला वरपासून खालपर्यंत तळहात लावून बघितला, हात धोतराला पुसला, खोलीभर नजर फिरवली.

"आनखी दोन पोरी बसतील की हितं," म्हणाले आणि निघून गेले.

मी मान खाली घालून पुन्हा मशीन चालवायला लागले. वर बघितलं असतं तर पोरींसमोर रडू फुटलं असतं.

पुढं तो क्लास पुष्कळ वर्षं चालला. दस्तगीर मिस्त्री आता नाहीत. मी एवढी चुकल्यावरसुद्धा शेवटचा तुकडा त्यांनी माझ्या कागदावर भरवसा ठेवून कापला... त्याबद्दल आभार मानायचे तेव्हा राहून गेले. आज मानते, मिस्त्री.