बिनतिखटाचं पान

जपानातल्या एका थोर कादंबरीकाराचं श्राद्ध अख्ख्या हिंदुस्थानात एकाच घरी होत असे, आणि ते घर किन्हीराजाला आमच्या मामांचं होतं. मामा शाळामास्तर. वाशीमच्या एका वकिलाकडून वाचायला आणलेल्या इंग्रजी मासिकात त्यांना या लेखकाचं चरित्र सापडलं. तोही आधी मास्तरच होता, नोकरी सोडून कादंबऱ्या लिहू लागला, जन्मभर पोटाच्या दुखण्याने बेजार राहिला आणि शेवटची कादंबरी अर्धी टाकून गेला. मामांनी त्याची एक ओळही वाचली नव्हती. मुंबईच्या पुस्तकवाल्याला तीन पत्रं घातली, तिन्ही वेळा 'पुस्तक नाही' असं उत्तर आलं. त्यामुळे त्यांच्या भक्तीत कधी खोट निघाली नाही.

सर्वपित्रीला मामा वाडवडिलांच्या पानाशेजारी त्याचंही पान मांडत. पहिल्या वर्षी भटजींनी गोत्र विचारलं. मामा म्हणाले, "मासिकात लिहेल नाही." गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणतात, म्हणून भटजींनी त्याला काश्यप करून टाकलं. पंचाईत व्हायची ती मामींची. आमच्या घरच्या वरणालाही मिरचीचा ठसका, आणि या एका पाहुण्यासाठी वेगळं पातेलं. मामी करवादायच्या, "मेल्यावर कायचं पोट दुखते हो त्याचं?" मामा शांतपणे सांगायचे, "जन्मभर दुखलं. एक दिवस तरी आराम पडू दे त्याले."

लढाईत जपान शत्रू झाला तेव्हा पोलीसपाटील समजवायला आले. "मास्तर, दुश्मनाचं श्राद्ध काहून करून राह्यले तुमी?"

"पाटील, तो लढाईच्या लय आंधी मेला. त्याले काय मालूम?" असं म्हणून मामांनी पाटलांनाच जेवायला बसवलं.

मी या प्रकाराची यथेच्छ टिंगल करत असे. मामांना मूलबाळ नव्हतं. म्हातारपणी त्यांना एकच घोर लागला. "माह्यं तू करशील रे, पन माह्यामागं त्याचं कोन करीन?" असं ते विचारत आणि मी हसून विषय बदलत असे. आता त्याचं फार वाईट वाटतं.

मामा गेले. दहाव्याला नदीवर मी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. मामींना सांभाळू, शेत पडीक टाकणार नाही, सगळं सांगून झालं. ऊन चढलं तरी कावळे बाभळीवरून हलेनात. शेवटी पोलीसपाटील माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "अरे, त्या जपानवाल्याचं सांग ना त्याईले."

मी हात जोडले. "मामा, त्याचं पान मी मांडीन. बिनतिखटाचं."

हात खाली घ्यायच्या आत कावळा उतरला. त्या वर्षी सर्वपित्रीला मामांच्या पानाशेजारी त्या काश्यपगोत्री पाहुण्याचं पान मी मांडलं. वेगळं पातेलं मामींनी कोणी न सांगताच चढवलं होतं.