डाव्या हाताचा पाव

आमच्या गल्लीच्या टोकाला दोघा भावांची बेकरी आहे. त्यातला धाकटा सैन्यात आचारी होता. तो निघाला तेव्हा थोरला हसून म्हणाला होता, "तू काय लढणार? कांदा चिरून शत्रूला रडवणार?"

एका सकाळी त्याच्या लष्करी ठाण्यावर तोफगोळे पडू लागले आणि जखमींच्या तंबूने पेट घेतला. आचाऱ्याने हातातलं पातेलं टाकलं अन् उघड्या मैदानातून धाव घेतली. गोळ्या सुटत असताना एकेका जखमीला पाठीवर घालून त्याने खंदकात आणलं. शेवटच्या जखमीला, एका वायरलेसवाल्या जवानाला, ओढताना जळता खांब त्याच्या उजव्या हातावर कोसळला. वायरलेसवाला वाचला, पण आचाऱ्याची बोटं कायमची आखडली.

त्याला शौर्यपदक मिळालं. थोरल्याला आभाळ ठेंगणं झालं. त्याने ते पदक दुकानात काचेत लावलं आणि खाली खुर्ची मांडून भावाला बसवलं. गिऱ्हाइकं पाव घेता घेता त्याला बघून जायची. कुणी हात मिळवायला जायचं अन् बोटं पाहून चपापायचं.

एकदा एक बाई आपल्या मुलीला दटावत म्हणाली, "हात नको लावूस गं, ते शूर आहेत."

तो ताडकन उठला. "दादा, बरणीतली बिस्किटंसुद्धा कुणाच्या तरी पोटात जातात. मला नुसतं मांडून ठेवलंय."

"अरे, मानाने बसवलंय तुला!"

"मान पुरे झाला. काम दे."

वहिनीने पिठाची परात पुढे सरकवली. "डावा हात धड आहे ना, भाऊजी? मग लागा कामाला. बिघडलं तर घरी खाऊ."

बिघडलंच. घरच्यांनी बरेच दिवस वाकडेतिकडे, दडस पाव निमूट गिळले. हळूहळू त्याचं कोपर आणि तळवा मळायला सरावले.

अशात वायरलेसवाला काठी टेकत, बायकोला घेऊन आला. गरम पाव मोडत त्याने विचारलं, "तेव्हा भीती नाही वाटली तुला?"

"वाटली की! पण तू हाका मारत होतास. त्या ऐकत बसणं मला जमेना."

वायरलेसवाल्याच्या बायकोने डोळे पुसले आणि आणखी पाव मागितला.

आता भट्टी धाकटाच सांभाळतो, आणि पाव कमी भाजला गेला तर गिऱ्हाइकं त्याच्याशी बिनदिक्कत भांडतात.