सुई नवी, सिरिंज तीच

"सरक तिकडं. टेबलाला हात लावू नको."

आमच्या गावातला डॉक्टर मला म्हणाला. तेच टेबल मी आठ वर्षं रोज दोनदा पुसत होते. जालन्याहून आणलेला माझ्या लेकीच्या रक्ताचा कागद त्यानं दोन बोटांत धरून वाचला आणि माझ्या अंगावर फेकला. हिपॅटायटिस सी, रक्तातून पसरणारी कावीळ. दहा वर्षांची लेक माझ्या पदराला धरून उभी होती.

"तुमच्या लोकांत साफसफाई न्हाईच. घरातूनच आलं आसंल हे."

बाकावरच्या सगळ्या पेशंटांनी ऐकलं. एका बाईनं आपलं पोर पटकन मांडीवर ओढून घेतलं. मी मान खाली घातली. कुठून आलं ते मला माहीत होतं.

आमच्याकडं सुई टोचली नाही तर डॉक्टरनं काही केलंच नाही असं मानतात. मीही त्यातलीच. पोरगी जरा तापली की मीच म्हणायचे, "एक सुई द्याच." आणि दवाखान्यात सिरिंजा धुण्याचं काम माझंच. सुई नवी लावायची, सिरिंज तीच. "गरम पाण्यातून काढ, बराबर होतंय," असं डॉक्टरनं शिकवलेलं. पाणी कधी कोमट असायचं. तरी मी काढायचे. तसल्याच सिरिंजेनं माझ्या लेकीला टोचलं. ती रडत हात ओढत होती. तो हात मी दाबून धरला होता.

जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "सुई बदलायचे, पण सिरिंज? रक्त तर सिरिंजेतही शिरतं." तिथंही मी गप्प. गोळ्यांनी बरी होईल, असं त्यांनी सांगितलं. लेक बरी होईल. पण बाकीच्या पोरांचं काय? त्यांच्या आयांना तर काहीच ठाऊक नव्हतं. माझी मलाच किळस आली.

"उभी काय राह्यलीस? सिरिंजा धुऊन आण, जल्दी!" डॉक्टर ओरडला.

टेबलाला माझा हात चालत नव्हता. सिरिंजांना चालत होता.

मी ट्रे उचलला आणि बाकावरच्या त्या बाईपुढं ठेवला. "न्हाई धुणार," मी म्हणाले. "बाई, तुमच्या लेकराला ह्यातलीच टोचणार हाय. माझ्या पोरीला ह्यातूनच झालं. धुणारी मीच."

ती पोराला घेऊन उठली. "आन आठ वर्सं तू गप बसलीस?"

मी ट्रे पुढच्या बाईपुढं सरकवला.

काम गेलं. आता मी घरोघर जाते, पोरांचं रक्त तपासून घ्या म्हणते. एकीनं माझ्या पायाशी थुंकलं. तिच्या लेकाचा हातही मीच धरला होता. उद्या परत तिच्या दारात जाणार आहे. तपासणी होईपर्यंत जाणार.

तालुक्याला तक्रार लिहून घेणारा साहेब म्हणाला, "बाई, तुमचं नाव साक्षीदारात टाकतो."

"न्हाई साहेब," मी म्हणाले. "आरोपीत टाका, डॉक्टरच्या नावाखाली."