तिसरं पाणी

आमच्या डॉक्टरीणबाईंचा जगात फक्त स्वतःच्या हातांवर विश्वास नव्हता. ऑपरेशनआधी रबरी हातमोजे चढवले, की उकळून निववलेल्या पाण्याच्या तीन तसराळ्यांत ते एकामागून एक धुवायच्या. मग खिडकीच्या उजेडात हात धरून पांढरा कण कुठे उरलाय का ते बघायच्या. अमरावतीच्या त्या जनाना दवाखान्यात आम्ही नर्सा त्यांना पाठीमागे ‘तीनपाणी बाई’ म्हणायचो.

लढाईचे दिवस होते, नवे मोजे मिळत नसत. जुनेच उकळायचे, वाळवायचे आणि पावडर मारून ठेवायचे, हे काम माझं. बाई अकोल्याकडच्या शेतकऱ्याच्या लेक. पुस्तकं इंग्रजी वाचायच्या, बोलणं मात्र वऱ्हाडी. “पावडर पोटात राह्यली का नळी, आतडं, सारं एकमेकाले चिकटते,” त्या बजावायच्या. “वरचा टाका आठ दिवसांत बोलते. आतला दोन वर्सांनं बोलते.”

वलगावच्या फुलमाळ्याची सून गिरजा वैशाखात आली. तिच्या एका बाजूच्या अंडाशयावर गाठ होती. “दुसरी बाजू चांगली हाय, लेकरू होईन,” बाईंनी तिच्या सासूला सांगितलं. त्या दिवशी दवाखान्याची विहीर आटलेली. निवलेलं पाणी दोनच तसराळ्यांपुरतं निघालं. सकाळीच सांगायला हवं होतं, पण बोलणी बसतील म्हणून मी गप्प राहिले. गिरजाला क्लोरोफॉर्म दिला गेला. बाईंनी दुसऱ्या तसराळ्यात मोजे धुतले, आणि त्यांची पाठ वळताच मी तेच पावडरीचं पाणी तिसऱ्यात ओतलं.

“तिसरं ताजं हाय ना?”

“हो बाई.”

घाईत बाईंनी उजेडात हात धरला नाही. जखम सुरेख भरली आणि गिरजा हसत घरी गेली. मी मात्र दिवस मोजू लागले.

दोन वर्षांनी ती पोट धरून आली. मूल नव्हतं, आणि सासू दुसरी सून बघत होती. बाईंनी पोट पुन्हा उघडलं. चांगल्या बाजूची गर्भनळी आतड्याला घट्ट चिकटलेली, आणि तिथे ज्वारीच्या कण्यांएवढ्या पांढऱ्या गाठी. बाईंनी जमेल तेवढं सोडवलं, पण नळी वाचली नाही.

मी सगळं कबूल केलं. बाई रागावल्या असत्या तर सोसलं असतं. “मीबी हात पाह्यला नाही. तुह्यावर इश्वास ठेवला,” त्या म्हणाल्या. “आता गिरजाले तूच सांग. थे सोताले वांझ समजून राहिली.”

मी रोज उद्यावर ढकललं. टाके निघाले, गिरजा घरी गेली. पुढच्याच महिन्यात बाईंची अकोल्याला बदली झाली. स्टेशनवर त्यांनी डब्याच्या खिडकीतून विचारलं, “सांगतलं गिरजाले?”

“हो बाई.”

त्यांनी माझा हात ओढून घेतला, उजेडात धरला, उलटापालटा करून पाहिला आणि सोडून दिला. तेव्हाची लाज अजून गेलेली नाही.

दसऱ्याला गिरजा झेंडूची फुलं घेऊन आली. घरात सवत आली होती. “तुमी लय केलं माह्यासाठी,” ती म्हणाली. “माह्याच पोटात खोट, तुमी तरी काय करसान?”

मी ओंजळ पुढे केली आणि फुलं घेतली.