न उघडलेलं घड्याळ

वहिनीच्या दुकानात घाणेरडं घड्याळ घेऊन यायची कुणाची छाती नव्हती. पट्ट्याला घामाचा चिकटा दिसला, तरी ती गिऱ्हाइकाला आधी चार शब्द सुनवायची आणि मगच भिंग डोळ्याला लावायची. "रोज दात घासता ना? मग याने काय पाप केलंय?" गोदीतले खलाशी, क्रेनवाले, पाणबुडे सगळे तिला वहिनीच म्हणत, कारण तिचा दीर त्यांच्यातलाच, पाणबुड्या. अशा बाईने एक घड्याळ एकवीस दिवस गाळासकट ठेवलं, ते गंजताना बघत बसली आणि कुणाला हात लावू दिला नाही. वहिनीचं डोकं फिरलं, असं लोक उघड बोलायला लागले.

हे काम तिने सासऱ्यांकडून घेतलं. सासऱ्यांना दोन मुलगे. थोरला, म्हणजे वहिनीचा नवरा, दहा मिनिटं एका जागी बसला की जांभया द्यायचा. धाकट्याला पाण्याचं वेड. दुकानातल्या स्टुलावर बसायला राहिली ती सून. नातेवाइकांनी नाकं मुरडली तेव्हा म्हातारा म्हणाला, "हात कुणाचे आहेत, ते घड्याळाला कळत नाही. तुम्हालाच बरं कळतं!" आणि विषय संपला.

धाकटा पाणबुड्या झाला त्या दिवशी सासऱ्यांनी स्वतःच्या मनगटावरचं जपानी ऑटोमॅटिक काढून त्याच्या हाताला बांधलं. त्याला किल्ली द्यावी लागत नाही, हात हलतोय तोवर चालतं. काचेभोवती एक फिरती रिंग असते. उतरताना रिंगवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवायची, मग पाण्याखाली किती मिनिटं झाली ते एका नजरेत दिसतं. ते करणाऱ्या कंपनीबद्दल सासरे सख्ख्या भावाबद्दल बोलावं तसं बोलत. ती मुळात एका छोट्या दुकानातून वाढली, तिथे घड्याळं दुरुस्तही होत, हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. पुढे एका पाणबुड्याने तिला तक्रारीचं पत्र लिहिलं, की फार खोल पाण्यात तुमची घड्याळं टिकत नाहीत. तिथल्या माणसांनी पत्र टोपलीत टाकलं नाही. सात वर्षं खपून नवं घड्याळ केलं. "पाण्यात उतरणाऱ्याचं ऐकतात ते," सासरे म्हणायचे. सासरे गेले, पण दर वर्षी त्या घड्याळाचे रबरी वॉशर बदलायचं काम वहिनीने कधी चुकवलं नाही.

मग तो अपघात झाला. कारखान्यात समुद्राचं पाणी ओढून घेणाऱ्या पंपाच्या तोंडाला लोखंडी जाळी होती. तिच्यावरचे शिंपले खरवडायला दीर उतरला होता. तो उतरल्यापासून चाळीस मिनिटं पंप बंद राहणार, असं ठरलेलं. तो खाली असतानाच पंप सुरू झाला. पाण्याने त्याला जाळीवर आपटलं, डावा हात दोन ठिकाणी मोडला, डोक्याला मार बसला. जीव वाचला, पण त्या सकाळचं काहीएक आठवेना.

कारखान्याच्या कंपनीने सगळं खापर त्याच्यावर फोडलं. रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, पाणबुड्या दहा बावन्नला उतरला, पंप अकरा चव्वेचाळीसला सुरू झाला. म्हणजे हा बावन्न मिनिटं खाली रेंगाळला. वर दोर धरून बसलेल्या सोबत्याने नोकरीच्या धास्तीने मान डोलावली. आता चौकशीत यावरच शिक्कामोर्तब झालं, तर दिराचं जमा करून घेतलेलं पाणबुड्याचं कार्ड, म्हणजे परवाना, कायमचं रद्द होणार होतं. पण वहिनीला त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. दीर स्वतःच म्हणायला लागला होता, "वहिनी, चुकलंच असेल माझं."

इस्पितळातल्या नर्सने घड्याळ पिशवीत घालून, चिकटपट्टी लावून, वर तारीख टाकून सही केली होती. काच तडकलेली, आत खारं पाणी. वहिनीने पिशवी न उघडता बाहेरून भिंग लावलं. मग पिशवी होती तशी कपाटात ठेवली.

"अगं, उघड ना," नवरा तिसऱ्या दिवशी म्हणाला. "खारं पाणी आहे आत. बाबांचं घड्याळ मरतंय."

"माहीत आहे मला. तुम्ही शिकवू नका."

"मग?"

"मरू दे. भाऊजी जगले पाहिजेत."

रोज सकाळी ती कपाट उघडून बघायची. तबकडीवर तांबूस डाग पसरत चालला होता. बाराव्या दिवशी तिने चिमटा हातात घेतला, पुन्हा खाली ठेवला आणि दुकान लवकर बंद करून घरी आली. त्या दिवशी ती जेवली नाही.

चौकशीच्या खोलीत एक लांब टेबल, चार खुर्च्या आणि कुरकुरणारा पंखा होता. चौकशी अधिकारी बाहेरून आलेले, शांत गृहस्थ होते. कंपनीचे मॅनेजर मात्र आधीच घड्याळाकडे बघून हसले. "बाई, ही चौकशी आहे. दुरुस्ती पलीकडच्या गल्लीत."

"दुरुस्तीच करायला आलेय," वहिनी म्हणाली. "तुमच्या रजिस्टरची."

तिने नर्सची सही दाखवली, आधी फोटो काढायला लावले आणि मगच पट्टी कापली. काटे अकरा चव्वेचाळीसवर थांबलेले. रिंगवरची खूण तेरा मिनिटांवर. "अकरा तेराला उतरले. एकतीस मिनिटं झाली होती. पंप नऊ मिनिटं आधी सुरू केलात तुम्ही."

"दणक्याने रिंग सरकली असणार," मॅनेजर म्हणाले.

वहिनी याचीच वाट बघत होती. "कुठल्या बाजूला?"

"म्हणजे?"

"ही रिंग एकाच बाजूला फिरते, काट्यांच्या उलट. मुद्दाम तशी केलीय. धक्का लागलाच, तर खाली घालवलेली मिनिटं जास्त दिसतात, कमी कधीच नाही. माणूस थोडा लवकर वर येईल, एवढंच. तुमच्या बावन्नची एकतीस व्हायला ती काट्यांच्या दिशेने सरकायला हवी. सरकवून दाखवा. दाखवलीत तर उद्यापासून दुकान बंद."

"पूर्ण फिरून आली असेल."

"तिकडून यायला मिनिटाला दोन अशा अठ्ठ्याहत्तर टिचक्या लागतात, तसल्याच दुसऱ्या घड्याळावर मोजल्यात मी. पाण्याने काय बोटांनी मोजून फिरवली?"

"मग तुम्हीच घरी फिरवली..."

"हा गाळ बघा!" आता तिचा आवाज चढला. "रिंगच्या फटीत वाळलाय, कुठे चीर नाही. घाण घड्याळ मी दुकानात पाच मिनिटं ठेवत नाही, कुणालाही विचारा. हे एकवीस दिवस सांभाळलं. माझ्या डोळ्यांदेखत सडलं ते."

अधिकाऱ्यांनी घड्याळ हातात घेतलं. काट्यांच्या दिशेने जोर लावला. त्यांचं बोट पांढरं पडलं, रिंग हलली नाही. मग उलट दिशेने लावला. कोरडा गाळ कुरकुर करत फुटला, टेबलावर सांडला आणि एक टिचकी वाजली.

मग दाराशी बसलेला दोरवाला सोबती उठला. "साहेब, होडीच उशिरा आली होती. अकरा तेरालाच उतरला तो. रजिस्टरमध्ये उतरायची वेळ आदल्या दिवशीच भरून ठेवली होती."

मॅनेजर ताडकन उठले. वहिनी जागची हलली नाही. "लिहा साहेब. माझ्यासमोर लिहा. तोवर मी इथून उठत नाही."

अधिकाऱ्यांनी लिहिलं: पाणबुड्या वेळेत होता. तिने ते वाक्य दोनदा वाचून घेतलं.

दीर मघापासून मान खाली घालून बसला होता. "वेळेत होतो मी," तो स्वतःशीच म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला. वहिनीनेही डोळे पुसले नाहीत, खुशाल वाहू दिले.

संध्याकाळी तिने दुकानात घड्याळ उघडलं. आतली सगळी चाकं गंजून एकमेकांना धरून बसली होती. ती दोन तास झटली आणि मग तिने भिंग काढून ठेवलं. "गेलं, भाऊजी. नाही होणार आता."

दिराने ते उचललं, प्लॅस्टर चढवलेल्या मनगटाकडे नेलं. पट्टा पुरेना, म्हणून वहिनीनेच दोरीने बांधून दिलं.

"अहो, बंद आहे ते. लोक हसतील."

"हसू देत. उद्या कार्ड परत घ्यायला जायचंय, तिथे हेच बांधून जाणार," दीर म्हणाला. "कुणी वेळ विचारली, तर अकरा चव्वेचाळीस सांगेन."